मुरवायच्या कोणत्या, ओढायच्या कोणत्या

रकाना १. तपास करणाऱ्याचे नाव व थोडक्यात माहिती

“लिही,” इंद्रजीत ढगे खुर्चीत रेलून म्हणाले. “मराठवाड्यातली सर्वांत तीक्ष्ण नजर. चपलेच्या धुळीवरून माणसाचा तालुका आणि खोकल्यावरून त्याची नियत ओळखणारा. ज्याला पाहून निरपराध माणूससुद्धा काहीतरी कबूल करून टाकतो, असा.”

रूपालीनं लिहिलं. सहायक म्हणून साडेतीन वर्षं ती हेच लिहीत आली होती. तीक्ष्ण नजरेबद्दल बोलायचं, तर मागच्या महिन्यात आपली स्कूटर चोरीला गेल्याची तक्रार द्यायला सर पोलीस चौकीत गेले होते, ते त्याच स्कूटरवर.

हा छापील फॉर्म सरांनी क्रांती चौकातल्या छापखान्यातून एकदम हजार प्रतींत करून आणला होता, आणि करताना डोळ्यांसमोर फक्त खून ठेवले होते. पुढं खून करणाऱ्यांनी आणि करवून घेणाऱ्यांनी त्यांच्या ऑफिसकडं सपशेल पाठ फिरवली. आली ती पळालेली मांजरं आणि लग्नाआधीच्या चौकशा. तरी फॉर्म तोच.

रकाना २. मृतदेह कोठे व कोणत्या स्थितीत आढळला

शिसवी कपाटात. आडवे. वेष्टनासह. एकूण बेचाळीस.

सिगारी होत्या. सुदर्शनराव औताडे यांच्या. औताड्यांचा चितेगावला रबरी वॉशरचा कारखाना, छावणीच्या अलीकडं बंगला, आणि चार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका प्रदर्शनाहून येताना सोबत आणलेला नवा स्वभाव. त्याआधी ते जेवणानंतर बडीशेप खायचे. आता ते जाणकार होते.

जाणकारी अशी चालायची. सिगारींचा नवा डबा आला की सुदर्शनराव हात धुऊन बसायचे. एकेक सिगार उचलायची, दोन बोटांत हलकीच दाबायची, कानाशी नेऊन ऐकायची, नाकाखालून फिरवायची आणि निकाल द्यायचा. “ही मुरणार.” ती खालच्या कप्प्यात. “हिच्यात दम नाही, ताजीच ओढायची.” ती वरच्या कप्प्यात. एकाच कारखान्यात एकाच दिवशी वळलेल्या पंचवीस सिगारींमधला हा फरक दुसऱ्या कुणालाही दिसत नसे. यावरूनच तो किती बारीक असेल, हे कळावं.

वरचा कप्पा रविवारच्या चार मित्रांसाठी. खालच्या कप्प्याला तीन वर्षं हात लावायचा नाही, सिगारींची झोपमोड होते. रविवारी पाचही जण धूर काढायचे आणि सुदर्शनराव वहीत शेरे लिहायचे: ‘ताजी असल्यामुळे घशाला कच्ची लागते. वेष्टन किंचित पिवळसर. ही ताजेपणाची खूण.’

आज तीन वर्षं पूर्ण झाली होती. चार वाजता मित्र येणार होते, मुरलेल्या सिगारींचं उद्घाटन होतं. सकाळी सुदर्शनरावांनी खालचा कप्पा उघडला, तर प्रत्येक सिगारीवरचा पारदर्शक कागद काचेसारखा लख्ख. कोरा. जुन्या सिगारीचा कागद मधासारखा पिवळा पडतो, असं परदेशी पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे जुन्या सिगारी कुणीतरी नेल्या आणि त्या जागी नव्या ठेवल्या. म्हणून ढगे सरांना बोलावणं गेलं.

रकाना ३. संशयिताचा शेवटचा ठावठिकाणा

बंगल्याची पायरी. उकिडवा बसलेला.

पुंजाराम. अकरा वर्षांपासूनचा ड्रायव्हर. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची, कारण आतला ओलावा टिकावा म्हणून ठेवलेल्या डबीत पाणी घालायचं काम त्याचं. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी ज्या कॅनमधून, त्याच कॅनमधून. मे महिन्यात या शहरात माणसाचे ओठ फुटतात, तिथं सिगारीची काय कथा.

“चार वाजता पाव्हण्यांसमोर सगळ्या किल्ल्या टेबलावर ठेव,” सुदर्शनरावांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं, “अन् मागची खोली उद्या रिकामी कर.” मित्रांना फोन करून चोरीही सांगून झाली होती आणि चोरही. मागच्या खोलीत पुंजारामाची मुलगी मोनिका नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. सोमवारी पहिला पेपर. खिडकीतून तिच्या पाठांतराचा आवाज येत होता, आणि रूपाली आल्यापासून ती एकच ओळ म्हणत होती.

“तंबाखू खातोस?” ढगे सरांनी पुंजारामाला विचारलं.

“व्हय.”

“चुना लावून?”

“मंग काय साखर लावून?”

“रूपाली, लिही. अर्धी कबुली.”

पुंजारामानं रूपालीकडं पाहिलं. “ताई, हे पोलीस हायेत का?”

“नाही.”

“तरीच.” तो सरांकडं वळला. “साहेबानं एक सिगार मला बी दिली व्हती, मागल्या दिवाळीला. दोन झुरके मारले अन् आमच्या दाराम्होरचं कुत्रं उठून गेलं. असली चीज कोन चोरंल, तुमीच सांगा.”

“दिशाभूल,” सर म्हणाले. “कुत्र्याचं नाव लिहून घे.”

रकाना ४. तपासकाचे तर्क (जागा कमी पडल्यास मागील बाजूस लिहावे)

तर्क पहिला. पुंजाराम सिगारी कुस्करतो आणि चुन्यासोबत खातो. मग त्या जागी ठेवायला नव्याकोऱ्या विलायती सिगारी त्याला मिळाल्या कुठून, असं रूपालीनं विचारलं. सर म्हणाले, तपशिलात शिरलीस की गुन्हा दिसेनासा होतो.

तर्क दुसरा. छावणीत कुणीतरी जुन्या सिगारींचा चोरटा व्यापार करतो. पुरावा: शेजारच्या बंगल्यामागून धूर निघतोय. सर भिंतीवरून पलीकडं उतरले. तिथं एक बाई चुलीवर वांगी भाजत होत्या. अर्ध्या तासानं सर फाटकातून परत आले, हाताला भरताचा वास होता. व्यापार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

तर्क तिसरा. चोरी झालेलीच नाही. कूलरच्या गार वाऱ्यानं सिगारींचं वय उलटं फिरलं. प्रयोग म्हणून सर स्वतः पाऊण तास कूलरसमोर बसले.

“काही फरक?” रूपालीनं विचारलं.

“झोप आली होती,” सर म्हणाले. “लहान मुलांना येते तशी. तर्क पूर्ण खोटा नाही.”

तोवर तिनं दोन्ही कप्पे नीट पाहिले होते.

“सर, वरच्या कप्प्यातल्या पिवळ्या आहेत.”

“ताज्या आहेत म्हणून. वहीत लिहिलंय.”

“पण पुस्तकात लिहिलंय की जुनी पिवळी पडते.”

“ते खालच्या कप्प्याबद्दल.”

“पुस्तकात कप्प्यांचं काहीच नाही, सर.”

“म्हणूनच लोक पुस्तक वाचून गुप्तहेर होत नाहीत,” ढगे सर म्हणाले आणि चार वाजता करायच्या भाषणाची तयारी करायला लागले. साडेतीन वाजले होते.

रकाना ५. साक्षीदार (स्त्रिया व वृद्ध वगळून)

नियमाप्रमाणे वगळल्या गेलेल्या लक्ष्मीबाई गच्चीवर होत्या. सुदर्शनरावांच्या आई, वय पंचाहत्तरच्या पुढं. सकाळपासून त्यांनी कुरडयांचा घाट घातला होता. कालच्या वाळलेल्या कुरडया आता जिन्याच्या सावलीत बसून डब्यात भरत होत्या. पाणी मागायला वर गेलेल्या रूपालीला त्यांनी पाण्याबरोबर कामही दिलं.

“नव्या त्या तळाला घाल, बाई. ह्या मागल्या सालच्या वर येऊ दे.”

“जुन्या वर कशाला, आजी?”

“मंग काय खाली ठिवू? घरातले समदे वरचं वरचं काढून खातेत, अन् तळाला गेलेलं तळालाच राहतंय. किडं पडल्यावर आठवण येती. माझ्या घरात जुनं आधी. गहू घे, डाळ घे, आमच्या सुदर्शनच्या त्या जाड्या विड्या घे.”

रूपालीच्या हातातली कुरडई मोडली.

“कुठल्या विड्या?”

“कपाटातल्या गं. तो आपली किल्ली घरीच ठिवून चितेगावला गेला की मी कपाट पुसून घेते. ह्याचं भलतंच. चांगल्या चांगल्या निवडून तळाला गाडतो, अन् नव्या आलेल्या वर ठिवून त्याच फुकत बसतो. मी आपलं पिवळं पडलेलं वर घेते, कोरं खाली सारते. तीन वर्षं झाली, एक बी वाया जाऊ दिली नाय.”

“आणि हे त्यांना माहीत आहे?”

“त्याला गव्हाचं तरी कुठं माहीत हाय? ताटात आल्याशी मतलब.”

“आजी, आज पुंजारामला कामावरून काढतायत. खोली सोडायला सांगितलीय. जुन्या सिगारी त्यानं चोरल्या म्हणून.”

लक्ष्मीबाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. हात पदराला पुसले.

“मला कोन सांगतंय इथं,” त्या म्हणाल्या. “जिना उतरायला हात दे.”

रकाना ६. गुन्हेगाराची कबुली

सुदर्शनराव जिन्याखालीच भेटले. कबुली दीड मिनिटात आटोपली, कारण लक्ष्मीबाईंच्या मते त्यात कबूल करण्यासारखं काहीच नव्हतं. सुदर्शनरावांचा चेहरा मात्र सावकाश बदलत गेला. तीन वर्षांचे रविवार एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. जी कच्ची म्हणून ओढली, ती मुरलेली होती. जी मुरतेय म्हणून मित्रांसमोर मिरवली, ती परवाच्या पार्सलातली होती. आणि वही सगळी शाईनं लिहिलेली होती.

“अभिनंदन,” ढगे सर म्हणाले. “माझा संशय पहिल्यापासून घरातल्याच माणसावर होता.”

बैठकीत चारही मित्र येऊन बसले होते. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा होता आणि टेबलाशेजारी पुंजाराम उभा होता. हात मागं, शर्टाची गळ्याची गुंडी लावलेली. सुदर्शनराव आत आले, घसा खाकरला.

“पुंजाराम, हे बघ. माणसाकडून चूक होते. अकरा वर्षांची नोकरी आहे तुझी. या वेळेस माफ केलं. किल्ल्या उचल अन् गाडी पुसायला घे.”

मित्रांपैकी दाताच्या डॉक्टरांनी मान डोलावली. मोठं मन म्हणतात ते हेच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पुंजारामानं किल्ल्या उचलल्या नाहीत.

“माफी कशाची, साहेब?”

“अरे, विषय संपला.”

“तुमचा संपला. म्या घेतल्या नव्हत्या, तर माफी कशाची?”

“नोकरी राहिली ना तुझी? खोली राहिली. मग?”

“हे साहेब लोक उद्या माझ्या गाडीत बसतील,” पुंजाराम म्हणाला. आवाज चढवला नाही. “उतरताना खिसे चाचपतील. घेतल्या असतील तर ऱ्हाऊ द्या, मी जातो. नसतील घेतल्या, तर तसं म्हना. ह्यांच्याम्होरं.”

ढगे सरांनी बोट वर केलं. “मधला मार्ग आहे. ‘पुराव्याअभावी प्रकरण बंद’ असं मी लिहून देतो. शिक्क्यासह.”

“सर,” रूपाली म्हणाली, “तो फॉर्म माझ्याकडं आहे, आणि मी तसं लिहिणार नाही.”

साडेतीन वर्षांत ती सरांना पहिल्यांदाच नाही म्हणाली होती. ढगे सरांनी बोट खाली घेतलं, मग ते कुठं ठेवावं हे न कळून खिशात घातलं.

सुदर्शनरावांनी आईकडं पाहिलं. लक्ष्मीबाई खुर्चीवर बसून नखात अडकलेलं कुरडईचं पीठ काढत होत्या. त्यांना काही घाई नव्हती. कूलर घरघरत होता.

“त्यानं घेतल्या नव्हत्या,” सुदर्शनराव शेवटी म्हणाले. आणि मग, एकदा सुरुवात झाल्यामुळे, सगळंच सांगावं लागलं. पिवळं वर, कोरं खाली. दर हप्त्याला. तीन वर्षं. शेवटचं वाक्य त्यांनी वहीकडं बघत पूर्ण केलं. “मला कळलं नाही. एकदाही.”

दाताच्या डॉक्टरांनी वही ओढून पहिलं पान काढलं.

“मला ना,” दाताचे डॉक्टर म्हणाले, “पहिल्या रविवारपासूनच ती मुरलेली वाटली होती.”

“मलाही,” दुसरे म्हणाले.

बाकी दोघांनाही नेमकं तसंच वाटलं होतं, असं निघालं. यजमानांचं मन दुखावू नये म्हणून चौघं तीन वर्षं ‘कच्ची लागते, कच्ची लागते’ म्हणत खोकत आले होते.

रकाना ७. अंतिम निकाल

पुंजारामानं जुडगा उचलला. गाडीची किल्ली जुडग्यातच राहू दिली, आणि अंगठ्याच्या नखानं कडी फाकवून कपाटाची तेवढी बाहेर काढली.

“गाडी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या, साहेब. ती माझ्यानं सांभाळती. हे कपाट नको.” तो लक्ष्मीबाईंपुढं वाकला. “माय, ही तुमच्याकडं घ्या.”

सुदर्शनरावांनी तोंड उघडलं. कपाट त्यांचं होतं, सिगारी त्यांच्या होत्या, निवड त्यांची होती. निवडीचा विचार मनात आला आणि त्यांनी तोंड मिटलं.

लक्ष्मीबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ ओढून पाहिली.

“पायजे तव्हा मागत जा,” त्या पाचही जणांना म्हणाल्या. “कोणती द्यायची, ते मी बघते.”