दौलततात्यांच्या तळहातावरचा लॅपटॉप

विट्याच्या दौलततात्यांच्या हातात कोणतीही वस्तू दिली, तरी ते तिच्याकडे पाहत नसत. उजव्या तळहातावर घेऊन, डोळे मिटून ती अलगद खालीवर करीत. बारशाला गेले, तर नाव विचारण्याआधी बाळ जोखून घेत. लग्नपत्रिका आली, की ती हातावर तोलून "जेवण बेताचंच हाय" असा निकाल देत. माझ्या निवृत्तीच्या भाषणाचे कागदही त्यांनी असेच जोखले आणि म्हणाले, "गुरुजी, निम्मं करा." मी एक ओळही कमी केली नाही. मंडळी कंटाळून उठून गेली असे जे सांगितले जाते, ते असत्य आहे. दिवे गेले होते.

तात्यांचे सारे आयुष्य कोइमतूरला गलाईच्या दुकानात गेले. जुने दागिने भट्टीत वितळवून शुद्ध सोने काढायचे, हा आमच्याकडच्या कित्येक घरांचा धंदा. म्हातारपणी दुकान मुलाच्या हवाली करून ते गावी परतले. मुलगा-सून तिकडे, नात वैशाली शिक्षणासाठी इकडे. तात्यांची पत्नी पूर्वीच वारलेली. घरात आजोबा आणि नात, दोघेच. पुढे वैशालीला सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला प्रवेश मिळाला आणि तात्यांनी तिच्यासाठी चक्क लॅपटॉप घेतला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही गोष्ट विट्यात इतकी अपूर्व होती, की तिच्याविषयी आजही नाना हकिगती ऐकू येतात. शिवराम न्हावी सांगतो, तात्या लॅपटॉपच्या दुकानात सोने तोलायचा काटा घेऊन गेले होते. काटा कोइमतूरलाच राहिला होता, हे त्याला ठाऊक नाही. तात्यांचे चुलतभाऊ सांगतात, म्हातारा चकचकीत रंगाला भुलला. आणि खुद्द मुलगा फोनवर म्हणाला, "तात्यांना चारचौघांत मिरवायचं होतं, दुसरं काय!" हे शेवटचे मला मुळीच सहन होत नाही. सांगलीच्या त्या दुकानात वैशालीबरोबर तात्यांनी इंग्रजी वाचायला म्हणून मलाही नेले होते. यांपैकी एकही गृहस्थ तेथे हजर नव्हता.

दुकानदार तरुण आणि नम्र होता. त्याने आधी टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर दाखवला. "आजोबा, लॅपटॉपपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि ताकद दुप्पट." मी संमतीदर्शक मान हलवली. तात्यांनी त्याचा मॉनिटर दोन्ही हातांनी जेमतेम उचलला आणि खाली ठेवला.

"ह्यो एकदा बसला की बसला. दुसरं दावा."

मग लॅपटॉप आले. दुकानदाराने मेमरीचे वर्णन आरंभताच तात्या म्हणाले, "आदी हातावर द्या, मग बोला." डोळे मिटून जोखल्यावर त्यांनी घरून आणलेली बॅग पुढे ओढली. तीत वैशालीची जाडजूड पुस्तके, दोन ड्रेस आणि एक रिकामा स्टीलचा डबा होता. वर लॅपटॉप सारून त्यांनी ती नातीच्या खांद्याला अडकवली.

"चाल."

"आजोबा, लोक बघतायत!"

"बघू देत. पायरी उतर. चढ. आता समज, यष्टीत जागा न्हाई. उभी ऱ्हा."

वैशाली लाजेने लाल होऊन, डोक्यावरची नसलेली दांडी धरून उभी राहिली. दुकानातली गिऱ्हाइके आपापली खरेदी विसरली. "आणि कंडक्टर कोण?" असे एकाने विचारले, तेव्हा तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. हा भाग मी सहसा सांगत नाही.

"डावा खांदा पडतोय. दुसरं काढा."

दुसऱ्याचीही तीच गत झाली. तिसरा सर्वांत हलका होता. पण ताकदीने थोडा कमी, असे दुकानदारानेच प्रामाणिकपणे सांगितले. तात्यांचा चेहरा उतरला.

"अभ्यासाला पुरंल का गं पोरी? खरं सांग."

"पुरेल की, आजोबा," ती म्हणाली आणि खांद्यावरच्या बॅगेसह पायरीवरून टुणकन उडी मारून परत आली.

"ह्योच!" तात्यांनी टाळी वाजवली.

वैशालीला वसतिगृहावर सोडून आम्ही परतीच्या एस.टी.त बसलो. तासगाव मागे पडल्यावर मी विचारले, "तात्या, खोलीतल्या टेबलावर ठेवायचे यंत्र ते. त्याच्या वजनाचा एवढा बाऊ कशासाठी?"

तात्या आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहत राहिले.

"गुरुजी, माझी भट्टी कोइमतुरातनं हलत नव्हती, म्हणून मीबी हलत नव्हतो. वरसातनं एकदा गावी यायचो, तवा पोरगं मला बघून आईच्या मागं लपायचं. आता त्योबी तितंच अडकलाय. थोरला कॉम्प्युटर घेतला असता, तर पोरगी म्हनली असती, आजोबा, काम हितं हाय, ह्या शनवारी न्हाई येत. आता काम खांद्यावर हाय. यील की घिऊन."

मिरवायचे होते म्हणे! मुलाला हे मी फोनवर शब्दशः ऐकवले. त्याने वैशालीची एस.टी. शनिवारी किती वाजता पोचेल, तेवढेच विचारले.

पहिल्याच शनिवारी वैशाली आली, आणि पुढेही येत राहिली. तात्या स्टँडवर आधीच उभे असत. लॅपटॉप चोरीला जाऊ नये म्हणून ते उभे राहत, ही आणखी एक अफवा. बॅगेत काय आहे, हे त्यांनी कधी उघडूनही पाहिले नाही. तिच्या खांद्यावरून ती उतरवून ते हातावर जोखत, आणि मग घरापर्यंत स्वतःच वाहून नेत.

सोमवारी पहाटे मात्र निराळा प्रकार चाले. शेंगदाण्याचे लाडू तात्या स्वतः वळत, एकेक तळहातावर जोखून डब्यात भरत, आणि डबा पुरेनासा झाला की पुस्तकांच्या फटींत कोंबत. दुकानात खटपट करून वाचवलेले सारे वजन तेथे सव्याज भरून निघे.

"आजोबा, केवढी जड केलीत बॅग!" वैशाली एकदा ओरडली. "दुकानात मला नाचवलंत ते कशासाठी मग?"

"जाताना आसू दे जड," तात्या म्हणाले. "येताना हलकी ये."