ओट्यासमोर ओटा

आमचे शलमोन सर कोणाच्याही घरी गेले तरी लगेच आत येत नाहीत. प्रथम दाराकडे पाठ करून उभे राहतात आणि समोर काय दिसते ते पाहतात. भिंत दिसली की यजमानास म्हणतात, "चुकलं तुमचं."

सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सोनईजवळच्या आमच्या गावात त्यांची विद्या कोणाला समजली असेल तर ती मला. कारण उभा जन्म अर्ज लिहिण्यात घालविलेल्या माणसास नियम म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. "गाव काढायचं नसतं अण्णा, नियमातनं उगवू द्यायचं असतं," असे ते मला सांगत. त्यांनी लॅपटॉपमध्ये नियम भरले होते: घराला ओटा हवा, ओट्यासमोर दुसरा ओटा हवा, सहा घरे झाली की वाट वळवावी. बटण दाबताच घराला घर फुटत जाई आणि पडद्यावर वस्ती उभी राही.

ग्रामपंचायतीने नव्या वसाहतीचा आराखडा त्यांच्याकडे मागितला, तेव्हा पहिल्याच खेपेस एक घर विहिरीत उगवले.

"सर, ह्या घराला नळ द्यायचा का न्हाई?" सरपंचांनी विचारले. हशा पिकला.

"विहिरीत घर नको, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं," सर शांतपणे म्हणाले. "यंत्र आज्ञाधारक हाय, शहाणं न्हाई." आणि तेथेच त्यांनी एक नियम वाढविला.

खरा पेच पुढे आला. "ते ओट्यासमोर ओटा तेवढं काढा, सर. चार प्लॉट जादा बसत्यात."

"बाकीचे सगळे नियम खोडा, सरपंच. हा न्हाई."

निर्णय ग्रामसभेवर गेला. सर अर्ज लिहून घेण्यास माझ्याकडे आले. मी 'सविनय सादर' लिहून म्हणालो, "आता कारण सांगा. कारणाशिवाय अर्ज टिकत नाही."

सरांनी आपल्या गेलेल्या बायकोचे नाव काढले.

"मार्था ओट्यावर पडली, तवा मी शाळेत गेल्तो. समोर नुसती भिंत. संध्याकाळी मी येईस्तोवर कुणाला दिसलीच न्हाई."

माझा पेन थांबला.

"हे लिहू नका अण्णा. एका घरातलं माणूस दुसऱ्या घराला दिसावं, एवढंच लिहा."

तेवढेच लिहिले. अर्जातला ठरीव 'सबब'सुद्धा घातला नाही. ग्रामसभेत सरपंचांनी कागद वाचला, खाली मान घालून म्हणाले, "सरांच्या बाई आमाला ठावं हुत्या," आणि चार प्लॉट सोडून दिले.

प्लॉटसाठी मागणीअर्ज सुरू झाले, तेव्हा मी सरांच्या नावाचा अर्ज भरून सहीसाठी पुढे केला. त्यांनी तो परत सारला.

"एकट्याला नवं घर कशाला, अण्णा?"

मी वाद घातला नाही. दुसरा कोरा कागद घेतला आणि त्यांच्या अर्जातल्या प्लॉटसमोरच्या प्लॉटसाठी माझ्या स्वतःच्या नावाचा अर्ज लिहावयास बसलो.