डिंकाविषयी खुलासा

धुळ्याच्या पचनपूरक पदार्थ नियंत्रण कक्षाकडून आलेल्या पत्राला प्रेमराज आबांनी उत्तर दिले नव्हते. प्रश्न साधा होता. "झाडाचा डिंक घोड्यास व माणसास पोटासाठी मानवतो, असे आपण दिवाळी अंकातील लेखात म्हटले आहे. सबब, पचनाच्या दृष्टीने घोडा व माणूस एकच काय? खुलासा न आल्यास होकार गृहीत धरण्यात येईल."

आबा धरणगावच्या वाचनालयातले निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी आधी "बहुधा नाही" असे लिहिले. मग "बहुधा" खोडले. मग "नाही" म्हणणारे आपण कोण, असे वाटून तेही खोडले. कोऱ्या कागदाला तिकीट लावणे त्यांना प्रशस्त वाटेना.

होकार गृहीत धरला गेला.

परिपत्रक निघाले. डिंकाचे सर्व पदार्थ यापुढे 'अश्व-मानव' या एकाच सदरात. सदर एक, म्हणून अर्जही एक. त्यात 'नाल शेवटची केव्हा बदलली' असा रकाना होता. माणसांनी तिथे 'लागू नाही' लिहिले की अर्ज अपूर्ण म्हणून परत येई. शहाण्यांनी चपला घेतल्याची तारीख लिहिली. त्यांचे अर्ज मंजूर झाले.

या तडाख्यात भागाबाई सापडली. बाळंतिणींसाठी डिंकाचे लाडू वळून ती घर चालवायची. गिऱ्हाइकांचे पशुवैद्यकीय दाखले नाहीत म्हणून ऐन थंडीत तिच्या डब्यांना सील लागले.

"आबा, मना बठ्ठा लाडू घोडासना व्हई ग्यात!" ती दारातूनच ओरडली. "माणूस येगळा शे, घोडा येगळा शे, एवढं लिखी द्या ना!"

"लिहितो, अक्का. पण पुरावा मागतील."

"इतला पुस्तकं वाचीसन तुमले हाई बी माहीत नही?"

आबांना खरेच माहीत नव्हते.

रविवारी बाजारात एका कंपनीने 'वनराळ' नावाच्या डिंकाच्या पाचक पावडरीचा मंडप टाकला. डबे दोन, माणसांचा आणि घोड्यांचा; घोड्यांच्या डब्यावर उधळलेला घोडा. उद्घाटनाला लोटनची वरातीची घोडी भाड्याने आणली होती. विक्रेत्याने चमचाभर पावडर तिच्यापुढे धरली. घोडीने वास घेतला आणि मान फिरवली. पुन्हा धरली, तर ती मागे सरकून शेजारच्या भजीवाल्याच्या कढईपर्यंत गेली.

"तिले नको शे, भाऊ," लोटन म्हणाला.

"पोट ठणठणीत आहे तिचं. चला, पुढचे!"

पुढे माणसांची रांग होती. सर्वांत पुढे नियंत्रण कक्षाचे साहेब, सहकुटुंब. त्यांनी वास न घेता चमचा तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आले.

"कडू आहे," साहेब म्हणाले, "म्हणजे गुण येणार. मोठा डबा द्या. माणसांचा नको, घोड्यांचाच द्या. त्यात जोर असतो."

मागून सगळ्यांनी घोड्यांचाच मागितला.

आबा घरी आले आणि आयुष्यात प्रथमच "बहुधा" न घालता लिहिते झाले:

"महोदय, घोडा व माणूस एक नाहीत. घोडा आधी वास घेतो. माणूस आधी डब्यावरचा घोडा पाहतो. लाडवांचे सील काढावे. पुरावा सोबत जोडलेला नाही. हे वाचणाऱ्याने कृपया स्वतःच्या घरातले कपाट उघडावे."

टपालपेटीपाशी आबा पुन्हा विचारात पडले. 'कृपया' ठेवावे का?

"सोडा ना आता!" म्हणत भागाबाईने पाकीट त्यांच्या हातातून ओढले आणि पेटीत टाकले.