एका बाकासाठी सल्लामसलत

सरकारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसायला बाक नव्हता. ही गंभीर बाब खरेदी अधिकाऱ्यांच्या निदर्शनास त्यांच्या आईनेच आणून दिली, कारण गुडघ्याच्या औषधासाठी तीच तिथे तासन्‌तास उभी असायची.

"अरे, एक साधा बाक आण की!"

"आई, असा उठून बाक आणत नसतात. आधी बाजाराचा सल्ला, मग निविदा."

अधिकारी नाकासमोर चालणारे. कुणावर अन्याय नको म्हणून त्यांनी झाडून सगळ्या विक्रेत्यांना चहाला बोलावलं. लाकूडवाला म्हणाला, बाक लाकडीच हवा. लोखंडवाल्याने वाळवीची अशी काही भीती घातली की चहा गार झाला. प्लास्टिकवाल्याला बाक एका हाताने उचलता यायला हवा होता, तर कुलूपवाल्याला तो चौघांनाही हलता कामा नये असं वाटत होतं. गादीवाल्याने गादी सुचवली. ढेकूण मारणाऱ्याने ती खोडून काढली.

एकाचं ऐकून दुसऱ्याचं टाकावं, तर पक्षपात! म्हणून निविदा निघाली ती अशी: संपूर्ण लाकडी व संपूर्ण लोखंडी, एका हाताने उचलता येणारा परंतु चौघांनाही न हलणारा, गादीसह गादीविरहित बाक, नग एक.

निविदा भरायला काळं कुत्रंही फिरकलं नाही. 'बाजार अद्याप परिपक्व नाही' असा शेरा मारून अधिकाऱ्यांनी आता थेट रुग्णांचाच सल्ला घ्यायचं ठरवलं आणि स्वतः दवाखान्यात गेले.

रांगेच्या शेवटी आई भिंतीला टेकून जमिनीवरच बसली होती. पाय सुजून टम्म झाले होते. अधिकारी तिच्यापाशी वाकले. पण हात नियमाने बांधलेले.

"आई, तुझं मत धरता येणार नाही गं."

"का रे बाबा?"

"तू बसलीस ना. म्हणजे तुझी सोय झालेली आहे."

"मग हात दे, उठते."

"आता उठलीस तर माझ्या दबावाखाली उठलीस असं होईल."

आईने कपाळावर हात मारून घेतला. त्याची नोंद 'अन्य अभिप्राय' या सदरात झाली.

सल्लामसलत अजून चालू आहे. सुजाण नागरिक म्हणून आपलंही मत आम्हाला मोलाचं आहे. फक्त एक सांगा, हे सगळं आपण बसूनच वाचलंत ना?

मग राहू द्या.