डिकीतल्या पाच पट्ट्या

गाडीची डिकी उघडी आहे हे मुक्ताला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसलं आणि तिच्या पोटात गोळा आला. तसा तो दिवसातून चार-पाचदा यायचाच. विहान घसरगुंडीवर उलटा चढला तरी यायचा, पत्रपेटीत सरकारी रंगाचा लिफाफा दिसला तरी यायचा. पण या वेळी कारण भक्कम होतं. डिकीपाशी बादली होती, बादलीपाशी सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या हातात पुण्याहून आणलेली काथ्याची घासणी होती.

"श्रीरंग, आई खाली काय करतायत?"

श्रीरंग अर्ध्या गालाला फेस लावून बाथरूमच्या दारात आला. "गाडी धुतेय. दसरा आहे ना."

"आज फायरटाग आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी धुवायची नसते इथे. आणि डिकी उघडी आहे."

डिकी म्हटल्यावर श्रीरंगच्या उरलेल्या अर्ध्या गालाचा रंगही फेसासारखा झाला.

त्या वर्षी दसरा नेमका तीन ऑक्टोबरला, जर्मनीच्या राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी आला होता. सासूबाईंना, म्हणजे सुनेत्राबाईंना, हा योग फार आवडला होता. पोराला दसऱ्याची सुट्टी देणारा देश वाईट असूच शकत नाही, असं त्यांनी फोनवरून साऱ्या सदाशिव पेठेला कळवलं होतं. मुक्ताला मात्र हीच तारीख तीन आठवड्यांपासून झोपू देत नव्हती, कारण त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता श्रीरंगचे साहेब, हेर म्हणजे श्रीयुत लोरेन्झ, पट्ट्या बघायला येणार होते.

श्रीरंग र्युसेल्सहाइमजवळ गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात गंजतज्ज्ञ होता. म्हणजे लोखंडाला गंज का चढतो आणि कसा चढू द्यायचा नाही, हे शोधण्याचा त्याला पगार मिळे. हेर लोरेन्झ हे त्याचे साहेब आणि शिकारी. शिकारीच्या दिवसांत त्यांची दोन नळ्यांची बंदूक त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून रोज जंगलात जायची आणि यायची. बाहेर धुकं, आत हीटर आणि मागच्या सीटवर नाल्यातून उठून आलेला कुत्रा. तीन वर्षांत नळीवर तपकिरी ठिपके उठले. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं पाच तऱ्हेची फिनिशं, म्हणजे पोलादावर चढवायचे संरक्षक थर, सुचवली, आणि लोरेन्झ साहेबांनी पाच फिनिशं दिलेल्या पाच पोलादी पट्ट्या श्रीरंगपुढे ठेवल्या. त्यातली कुठली गाडीत टिकेल ते सांग, म्हणाले. कारखान्याची यंत्रं खासगी कामाला वापरायची नाहीत, हेही म्हणाले. आणि जाता जाता म्हणाले, "तुम्ही काम कसं करता ते मला यातून बघता येईल."

हे शेवटचं वाक्य श्रीरंगनं घरी सहज सांगितलं आणि मुक्तानं ते उशाला घेतलं. श्रीरंगचा दोन वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता. करार गेला की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर गेलं, आणि चौदा महिने रांगेत उभं राहून मिळालेली विहानची किटातली, म्हणजे पाळणाघरातली, जागाही गेली. "हे बंदुकीचं नाहीये रे," ती म्हणाली होती. "ही परीक्षा आहे."

श्रीरंगनं मग परीक्षेसारखंच काम केलं. बंदुकीच्या पेटीसारखी फोम लावलेली एक पेटी आणली, पट्ट्यांना एक ते पाच आकडे चिकटवले, मध्ये ओला टॉवेल ठेवला, पेटी टेप लावून बंद केली, टेपवर सही आणि तारीख टाकली आणि तीन आठवडे ती स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवली. उघडायची ती लोरेन्झ साहेबांसमोरच. तोवर कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं घरात सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणजे मुक्ताला आणि विहानला. आई तेव्हा यायच्या होत्या.

मुक्ता विहानला कडेवर घेऊन खाली पोचली तेव्हा पावणेदहा झाले होते. गाडी आंघोळ करून, बॉनेटवर स्वस्तिक काढून, झेंडूची माळ घालून उभी होती. शेजारी पाटावर घरातलं सगळं लोखंड मांडलं होतं: सुऱ्या, विळी, कात्री, श्रीरंगचे पाने. आणि त्यांच्यापुढे, हळदीकुंकू लावलेल्या, स्टीलच्या डब्यांच्या झाकणांसारख्या लखलखणाऱ्या चार पट्ट्या.

"आई," मुक्ता जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाली, "ह्या पट्ट्या कुठून आल्या?"

"डिकीत एका पेटीत होत्या. अगं, काय तो अवतार त्यांचा. ओल्या फडक्यात कोंबलेल्या, गंजलेल्या. श्रीरंगला मी लहानपणापासून सांगते, हत्यारं कोरडी ठेव. पाचला उठले, लिंबू आणि मीठ लावून घासल्या. दीड तास गेला. वर आकड्यांचे कागद होते, ते पण निघाले." सुनेत्राबाईंनी पदराला हात पुसले. "आता कशा दिसतायत?"

कशा दिसतायत ते मागोमाग उतरलेला श्रीरंग बघत होता. त्याच्या एका गालावर अजून फेस होता. तीन आठवड्यांचा गंज हाच तर त्याचा पुरावा होता, आणि तो र्युसेल्सहाइमच्या गटारात वाहून गेला होता. लिंबानं जुन्या पद्धतीचा काळा-निळा रंगही खाल्ला होता आणि राखाडी थरही. क्रोम कुठलं, निकेल कुठलं आणि नागडं पोलाद कुठलं हे आता प्रयोगशाळेतच कळलं असतं.

"चारच आहेत," मुक्ता म्हणाली. मोजणं हा तिचा स्वभावच होता. "पाचवी?"

सुनेत्राबाई निरांजनाची वात सरळ करू लागल्या. "असेल इथेच. ती काही पाटावर ठेवण्यासारखी नव्हती."

"म्हणजे टाकलीत?"

"टाकली नाही गं. मी सणाच्या दिवशी लोखंड टाकीन का?" पण कुठे आहे तेही त्या सांगेनात. मुक्तानं तेवढ्यात कचऱ्याचे चारही डबे बघितले. पिवळा, निळा, काळा आणि सालींचा. जर्मनीत वस्तू हरवली तर निदान कुठल्या रंगात शोधायची ते ठाऊक असतं, पण पट्टी एकाही रंगात नव्हती. डब्यांपाशी पहिल्या मजल्यावरच्या फ्राउ व्हीगांड मात्र भेटल्या. त्यांच्या हातात इमारतीच्या नियमांचा कागद होता आणि बोट गाडी धुण्याच्या कलमावर होतं. मुक्तानं तीनदा माफी मागितली. बादली लगेच उचलते म्हणाली. फ्राउ व्हीगांड बादली उचलली जाते की नाही ते बघायला तिथेच थांबल्या.

आणि अकराला पाच मिनिटं असताना हेर लोरेन्झ आले. जर्मन माणूस वेळेआधी येतो तेव्हा दसऱ्याचा मुहूर्तही त्याच्याच बाजूला असतो, असं मुक्ताला वाटलं.

ते सरळ जंगलातून आले होते. हिरवा कोट, चिखलाचे बूट, मागच्या काचेला नाक लावलेला ओला कुत्रा. वर चहाला चला, असं श्रीरंग म्हणाला; त्यांनी नकारार्थी मान हलवली. बंदूक गाडीत असताना गाडी सोडायची नसते, इथेच बघू. मुक्तानं विहानला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मनात गाडीपासूनची पावलं मोजली. अकरा. ती आणखी चार मागे सरकली.

"एक विचारू का?" तिला राहवेना. जर्मन जुळवत ती म्हणाली, "बंदूक भरलेली आहे?"

श्रीरंगनं डोळे मिटले. लोरेन्झ साहेब तिच्याकडे वळले. "नाही. रिकामी. काडतुसं वेगळ्या डब्यात, डब्याला कुलूप." मग थोडं थांबून म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नाही. विचारायला हवं सगळ्यांनी."

बंदूक हा शब्द सुनेत्राबाईंना कुठल्याही भाषेत कळला असता. "शस्त्र आलंय दारात? दसऱ्याला? मग तसंच परत कसं पाठवायचं?" आणि तबक घेऊन त्या निघाल्याच. निरांजन नको, काडतुसं आहेत, असं मुक्तानं लांबूनच कळवळून सांगितलं, म्हणून निरांजन तेवढं पाटावर राहिलं. श्रीरंगनं लोरेन्झ साहेबांना प्रथा समजावली: वर्षातून एकदा आम्ही अवजारांचे आभार मानतो. साहेबांना हे पटलं. त्यांनी डिकी उघडली, कुलूप काढलं, पेटीचं झाकण उचललं. फ्राउ व्हीगांड नियमांचा कागद छातीशी धरून दोन पावलं पुढे आल्या.

सुनेत्राबाईंनी पेटीच्या कडेला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि मग त्यांची नजर नळीवर गेली. "अगंबाई. ह्याला तर केवढे डाग." त्या मुक्ताकडे वळल्या. "अर्धं लिंबू राहिलंय बघ ओट्यावर."

श्रीरंग आई आणि बंदूक यांच्यामध्ये उभा राहिला. लग्नानंतर तो इतक्या ठामपणे कुणाच्या मध्ये उभा राहिलेला मुक्तानं पहिल्यांदाच पाहिला.

"आल्झो," लोरेन्झ साहेब म्हणाले, "आता पट्ट्या."

श्रीरंगनं खरं तेच सांगितलं. सील तुटलं, आकडे गेले, गंज गेला. आईनं सणासाठी घासल्या, तिला आधी सांगायचं मला सुचलं नाही, चूक माझी. बोलताना तो त्या चार चकचकीत तुकड्यांकडे बघत होता, साहेबांकडे नाही. मुक्ता मनात सामान भरू लागली होती. विहानचे स्नो-बूट या वर्षीही होतील का, इथपर्यंत ती पोचली होती.

लोरेन्झ साहेब पाटापाशी उकिडवे बसले. एकेक पट्टी उलटून पाहिली. "पाचवी?"

मुक्तानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आकाशाकडे.

"इन डेअर क्युशं," विहान म्हणाला.

विहानला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर तो जर्मनमध्येच द्यायचा, आणि नेमकं त्यामुळे ते सगळ्यांना एकदम कळलं. पाचवी पट्टी स्वयंपाकघरात होती. तो पुढे म्हणाला की आजी तिनं जळकं भांडं खरवडते.

सुनेत्राबाईंचा चेहरा पडला. "बासुंदी लागली सकाळी खाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या त्या विजेच्या शेगडीवर कळतच नाही किती तापलंय ते. म्हटलं कुणाला दिसायच्या आत भांडं घासून ठेवावं. ती मेली पट्टी किती घासली तरी काळीच. लिंबू झालं, मीठ झालं, चिंच झाली, रंग सोडेना. देवापुढे अशी काळी कशी ठेवू? मग घेतली खरवडायला."

श्रीरंग तीन जिने एका दमात चढला आणि उतरला. पट्टी चिंचेच्या पाण्यात होती, तिच्या कडेला बासुंदी होती. लोरेन्झ साहेबांनी ती कोटाला पुसली, चष्मा कपाळावर चढवला आणि उजेडात धरली. काळी, मठ्ठ, कुरूप. भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकच्या थराची. तिच्यावर ठिपका नव्हता, ओरखडा नव्हता. एका कोपऱ्यावर जायफळ होतं.

"किती वेळ घासली?" त्यांनी विचारलं. श्रीरंगनं विचारून सांगितलं: अर्धा तास नुसती हिच्यावर, वर भांड्याचा वेगळा.

"आणि बाकीच्या?"

सुनेत्राबाईंनी चारही पट्ट्यांवर बोट ठेवत हिशेब दिला. ही एका हातात निघाली, हिचे नुसते बारीक टिपके होते, हिनं खांदा मोडला, हिचा तर काळा रंगच पाण्यात गेला. श्रीरंग भाषांतर करता करता मध्येच थांबला. गंज वाहून गेला होता, पण त्याची नोंद आईच्या खांद्यात शाबूत होती.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत लोरेन्झ साहेब उठून उभे राहिले. गुडघे वाजले. "ही." त्यांनी काळी पट्टी खिशात घातली, बासुंदीसकट.

मग ते गाडीच्या मागच्या दाराशी गेले, कुत्र्याला सरकवलं आणि सीटखाली हात घालून काहीतरी शोधू लागले. पट्टा निघाला, शिट्टी निघाली, अर्धं सॉसेज निघालं. शेवटी एक कागदी पाकीट निघालं, दमट आणि फुगलेलं. हे देणं राहूनच गेलं, म्हणाले. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच सही झाली होती. आत कायमचा करार होता.

म्हणजे पट्ट्या हातात ठेवल्या त्याच्या आधीच. मुक्तानं पुन्हा एकदा मोजलं. तीन आठवडे ती रात्री जागत होती आणि तिचं घर, व्हिसा आणि किटातली जागा एका ओल्या कुत्र्याखाली सुखरूप होती.

अगदीच सुखरूप म्हणता येत नव्हती. कागदांना लावलेली लोखंडी पिन पार गंजली होती, आणि सहीच्या बरोबर शेजारी एक लांबट तपकिरी डाग उमटला होता. साहेबांनी तो पाहिला, मग श्रीरंगकडे पाहिलं, आणि गाडी फार वाईट जागा आहे, असं मान्य करून निघून गेले. सुनेत्राबाईंनी फ्राउ व्हीगांडच्या हातात पुण्याहून आणलेलं आपट्याचं पान ठेवलं. ते कुठल्या डब्यात टाकायचं हे न कळल्यानं त्यांनी ते नियमांच्या कागदात घडी घालून ठेवलं.

वर आल्यावर करार जेवणाच्या टेबलावर वाळत घातला गेला. श्रीरंगनं अखेर दुसरा गाल केला. मुक्ता कितीतरी दिवसांनी खुर्चीला पाठ टेकून बसली. पोटातला गोळा शोधला तर सापडेना, त्याचीच तिला जरा काळजी वाटू लागली.

सुनेत्राबाई चष्मा लावून कागदावर वाकल्या. कुठे सही आहे ते बघितलं, मग तिच्या शेजारी बघितलं. अंगठ्यानं हळूच चोळून पाहिलं.

"मुक्ता," त्या म्हणाल्या, "ते अर्धं लिंबू कुठेय?"