मंद आचेवरची वर्दी

ड्रायव्हरकाकांनी मांसाचा भला मोठा तुकडा जाळीवर ठेवून भट्टीचं झाकण लावलं, तेव्हा अग्निशमन केंद्रातले बाकीचे जवान अजून दात घासत होते.

"म्हणजे आज घंटा वाजणार, वर्दी येणार," शिडी म्हणाला. तोंडात ब्रश असल्यामुळे ते भाकीत जरा फेसाळच निघालं.

शिडी हा केंद्रातला सर्वांत उंच जवान. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. काकांनी तेलाचं जुनं पिंप उभं कापून, त्याला बिजागऱ्या बसवून ती भट्टी स्वतःच्या हाताने केली होती, आणि उन्हाळा आला की ते तिच्यावर मांस भाजायला ठेवत. त्यांची पद्धत साधी होती. निखारे एका कडेला, मांस दुसऱ्या कडेला, आणि मध्ये अख्खा दिवस. सकाळी ठेवायचं, ऊन कलल्यावर काढायचं. पण ताटं मांडली आणि घंटा वाजली नाही, असं काकांच्या उभ्या नोकरीत एकदाही झालं नव्हतं. कधी गोदाम पेटायचं, कधी घोडा खड्ड्यात पडायचा. सगळे धुरकटून परत येईपर्यंत मांस दगडासारखं गार. तेच सगळे बोटं चाटत खायचे, आणि काका खिन्नपणे म्हणायचे, "ह्यात काही राम नाही. गरम असताना खायला हवं होतं." गरम असताना ते कसं लागतं, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं.

आज काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला पाळी संपली की बंब शिडीच्या ताब्यात द्यायचा आणि घरी जायचं. "उद्यापासून घरीच करा की निवांत," असं बायकोने सुचवून पाहिलं होतं. पण ज्यांच्याबरोबर जन्मभर गार खाल्लं, त्यांच्याबरोबर एकदा गरम खावं, एवढीच काकांची इच्छा होती. निरोपाचं भाषण नको, शाल नको, घड्याळ तर नकोच.

केंद्राचे नवे साहेब वयाने लहान होते आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवून हिंडत. घंटा झाल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत किती वेळ गेला, हे पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. ते मागच्या अंगणात येऊन भट्टीपाशी उभे राहिले.

"काका, अग्निशमन केंद्रातून धूर निघणं बरं दिसत नाही."

"पातळ आहे साहेब. लक्ष दिलं नाही तर दिसतही नाही."

"मला दिसतोय."

"तुम्ही लक्ष देताय."

साहेबांनी झाकणाकडे हात नेला. काकांनी तो अदबीने वाटेतच धरला. "झाकण उघडलं की आतली सगळी ऊब जाते. मग पुन्हा पहिल्यापासून."

"मग झालंय की नाही हे कळतं कसं?"

"होतंच साहेब. आपण फक्त मध्ये पडायचं नाही."

साहेबांच्या प्रशिक्षणात मध्ये न पडण्यावर एकही धडा नव्हता. पण शेवटचा दिवस म्हणून त्यांनी परवानगी दिली आणि ते आत जाऊन दोरखंडाच्या गाठी तपासू लागले.

दुपार झाली. ऊन असं पडलं की झाडांच्या सावल्यासुद्धा झाडांच्या पोटात शिरून बसल्या. निम्मे लोक रजेवर होते, त्यामुळे केंद्रात फारसं कोणी नव्हतं. शिडी बंबाच्या सावलीत लांबच्या लांब पसरला होता आणि त्याचे पाय तेवढे उन्हात राहिले होते. काका खुर्चीत बसून भट्टीच्या चिमणीकडे पाहत होते. धुराची एक बारीक, निळसर रेघ वर जायची, जाता जाता विचार बदलायची, आणि भिंतीवरून पलीकडच्या लाँड्रीत उतरायची. तिथे दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी टांगल्या होत्या. वारा आला की त्या शिडांसारख्या फुगायच्या, आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पाहिलं तर सगळं अंगणच कुठेतरी निघाल्यासारखं वाटायचं. कुठे, ते विचारायची कोणाला घाई नव्हती.

घंटा वाजली.

शिडी झोपेतच बुटात शिरला. काका गाडीत चढले, साहेब वर्दीचा कागद हातात घेऊन शेजारी बसले आणि त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. सायरन सुरू झाला. बंब फाटकाबाहेर पडला.

"कुठे साहेब?"

"डावीकडे," साहेब म्हणाले. कोपरा आला. "पुन्हा डावीकडे." पुढचा कोपरा आला. साहेब काचेबाहेर पाहत म्हणाले, "आणि आता पुन्हा डावीकडे."

काकांनी गाडी हळू केली. "साहेब, हे आपलंच मागचं फाटक."

"हो. लाँड्रीच्या बाईंनी फोन केलाय. धूर दिसतोय म्हणाल्या. पत्ता विचारला तर म्हणाल्या, तुमचाच."

"मग आपण आतूनच गेलो असतो की."

"वर्दी आली की गाडी निघालीच पाहिजे, काका. नियम आहे."

मागच्या फाटकाला आतून कुलूप होतं आणि किल्ली आत स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती. गल्लीतले लोक सज्जांत आले. शिडीने शिडी लावली, अग्निशमन दलाने आपल्याच भिंतीवरून आपल्याच अंगणात उडी घेतली, आणि आतून फाटक उघडलं. सर्वांत आधी आत आल्या त्या लाँड्रीवाल्या बाई. बुटक्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, आणि चालतानासुद्धा कोणाच्या तरी पुढे जायचं असल्यासारख्या.

"तो बघा," त्या भट्टीकडे बोट करत म्हणाल्या. "संध्याकाळी सहाला हॉटेलला चादरी द्यायच्यात. पाहुणे काय सांगतील, रात्रभर आम्हाला जेवणाची स्वप्नं पडली?"

"वाईट काय आहे त्यात?" काका म्हणाले.

साहेबांनी कागद उघडला. "आग कुठे आहे, एवढंच आधी ठरवू. आग असेल तर विझवावी लागेल."

पाइप खांद्यावर घेऊन उभा असलेला शिडी काकांकडे बघेना.

"साहेब," काका शांतपणे म्हणाले, "ही आग नाही. आच आहे."

साहेबांनी विचार केला. मग कागदावर लिहिलं, 'धूर आढळला. आग आटोक्यात.'

"सकाळपासून आटोक्यातच आहे," काका म्हणाले.

बाईंनी पुढचं वाक्य बोलायला श्वास घेतला होता, तेवढ्यात पुन्हा घंटा झाली. ही वर्दी खरी होती. तीन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत दोन वृद्ध गृहस्थ होते. सगळे गाडीकडे धावले. काका पायरीवर पाय ठेवून थांबले.

"साहेब, भट्टी."

साहेबांचा चेहरा पडला. "गाडी बाहेर असताना केंद्रात विस्तव ठेवून जाता येत नाही. बादली ओतावी लागेल. कोणीतरी राखणीला असतं, तर गोष्ट वेगळी."

अंगणात राखण करू शकेल असं एकच माणूस होतं, आणि तिनेच तक्रार केली होती. काका त्यांच्यापाशी गेले.

"बाई, चादरी वाळेपर्यंत तुम्ही काय करता?"

"वाट बघते."

"तीच इथे बसून बघाल का? खुर्ची आहे, सावली आहे. चादरीही दिसतात इथून. फक्त झाकण उघडायचं नाही. उघडावंसं फार वाटेल. तरी नाही उघडायचं."

"मला कशाला वाटेल?" असं म्हणून बाई खुर्चीच्या अगदी काठावर, उठायच्या तयारीत बसल्या.

इमारतीत पोचल्यावर साहेबांनी लिफ्टच्या फटीतून आवाज दिला, "घाबरू नका, आम्ही आलोय."

"या," आतून आवाज आला. "जरा हळू बोला."

दोघे म्हातारे बुद्धिबळाचा पट घेऊन गार हवेसाठी गच्चीवर निघाले होते. लिफ्ट बंद पडल्यावर त्यांनी तिथेच पट मांडला होता. "आम्हाला काही घाई नाही," दुसरे आजोबा म्हणाले. "फक्त लिफ्ट हलवताना धक्का देऊ नका. ह्याचा राजा कोपऱ्यात सापडलाय. प्यादी सांडली तर हा मुळीच कबूल करणार नाही."

लिफ्ट वरच्या खोलीतलं चाक हाताने फिरवून खाली घ्यायची होती. शिडी एकेक दात मोजल्यासारखं चाक फिरवू लागला. ड्रायव्हरने खरं तर गाडीपाशी थांबायचं, पण काका जिना चढून वर आले, पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले.

"जरा उरका की रे," ते म्हणाले.

शिडीचा हात थांबला. काकांच्या तोंडून हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. "काका, हळूहळूच येणार ती. आपण फक्त मध्ये पडायचं नाही."

काका खालच्या मजल्यावर जाऊन पायरीवर बसले. जिन्याच्या खिडकीतून उन्हाचा एक चौकोन भिंतीवर पडला होता. तो सावकाश सरकत होता आणि लिफ्टही त्याच चालीने उतरत होती. मधूनच आतून "शह" असा समाधानी आवाज येई. दार उघडलं तेव्हा दोघे आजोबा पट मांडीवर सांभाळत बाहेर आले, जवानांचे आभार मानले आणि लिफ्ट पुन्हा कधी बंद पडते याची चौकशी केली.

बंब परत आला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. बाई अंगणातच होत्या, पण खुर्चीच्या काठावर नव्हत्या. खुर्चीत पार रेलून, पालथ्या बादलीवर पाय ठेवून, डोक्यावरून एक चादर पांघरून बसल्या होत्या. मांडीवरचा फोन थरथरत होता आणि त्या तो मांजरीला थोपटावं तसा थोपटत होत्या.

"हॉटेलवाले," त्या म्हणाल्या. "चादरी कुठवर आल्या विचारतात. म्हटलं, वाळतायत."

"अहो, कडकडीत वाळल्यात की," शिडी भिंतीवरून डोकावत म्हणाला.

"माहितीय मला."

सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. साहेबांनी झाकणाकडे हात नेला.

"हात मागे," बाई म्हणाल्या.

काका कौतुकाने हसले आणि त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

"तुम्हीसुद्धा."

"बाई, ते मी केलंय."

"तुम्ही ठेवलंत. बसले मी. अजून व्हायचंय ते."

"किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी चिमणीकडे पाहिलं, धुराच्या रेघेचा अंदाज घेतला, आणि डोळे मिटले. साहेब थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी बंबातलं एक बसकूर आणून जमिनीवर टाकलं आणि तेही बसले. चादरींतून उजेड गाळून येत होता. सहा केव्हा वाजले हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. फक्त काकांनी खिशातून बंबाची किल्ली काढून शिडीच्या हातात ठेवली.

"आता," बाई डोळे न उघडताच म्हणाल्या.

काकांनी झाकण उचललं. मांसाचा रंग जुन्या लाकडासारखा गडद झाला होता. चिमटा नुसता टेकवला तर हाडापासून ते आपण होऊन सुटलं. वाफेचा ढग वर आला, आणि त्या ढगाखाली सगळ्यांनी आपापली ताटं पुढे केली.

घंटा वाजली.

ताटं जिथल्या तिथे राहिली. सगळे धावले. काकाही धावले, गाडीचं दार उघडलं, आणि पाहतात तो चाकामागे शिडी.

"काका," साहेब पलीकडून हळूच म्हणाले, "तुमची पाळी संपलीय. तुम्ही जेवा. गरम आहे."

बंब गेला. काका फाटकात उभे राहून आवाज ऐकत राहिले. कोपऱ्यावर शिडीने गिअर जरा उशिरा टाकला. मग आवाजही गेला. अंगणात इतकी शांतता झाली की निखारे कुजबुजताना ऐकू यायला लागले.

बाईंनी ताट वाढून पुढे केलं. काकांनी मोठा घास घेतला आणि लगेच डोळे विस्फारून पाण्याच्या बादलीकडे झेपावले.

"काय झालं?"

"गरम आहे," काका जीभ बाहेर काढून म्हणाले.

"तेच हवं होतं ना?"

"हो. पण खायची सवय नाही हो."

त्यांनी ताट पालथ्या बादलीवर ठेवलं आणि त्यावर फुंकर घातली. मग फुंकर घालणंही सोडून दिलं. बाईंनीही आपलं ताट शेजारी ठेवलं. दोघं बसून राहिली. पाखरं झाडावर परतत होती. काकांच्या मनात आलं, कुठेतरी काहीतरी जळत असेल, आणि आपल्याला तिथे जायचं नाही. हा विचार त्यांनी दोन-तीनदा मनात घोळवून पाहिला. पहिल्यांदा तो टोचला. नंतर नंतर तो निवत गेला.

कचऱ्याचा ढीग पेटला होता, एवढंच. अंधार पडायच्या आत बंब परतला. साहेब उडी मारून उतरले ते थेट काकांपाशी.

"काका, तुम्ही तरी गरम खाल्लंत ना?"

काकांनी तोंड उघडलं, पण जीभ सुजली होती.

"खाल्लं तर," बाईच म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला. मग सगळे जमिनीवर गोल बसले आणि गार मांसावर तुटून पडले. असं कधी खाल्लं नव्हतं, असं जो तो म्हणत होता. काकांच्या भाजलेल्या जिभेला कसलीच चव कळत नव्हती. ते एका बाजूने चावत होते, बेताबेताने, एकेक घास घोळवत.

"काका," शिडी म्हणाला, "एवढं सावकाश कधीपासून खायला लागलात?"

"नाइलाज आहे," काका बोबड्या जिभेने म्हणाले, आणि त्यांनी आणखी वाढायला सांगितलं.