हास्यमापकाची नादुरुस्ती

उंदराला गुदगुल्या केल्या की तो हसतो, ही बाब संस्थेने मान्य केल्यावर त्यासाठी स्वतंत्र विभाग उघडणे ओघानेच आले. विभागाचे नाव मूषक-हास्य विभाग, जागा जिन्याखालची आणि कर्मचारी एक. तिचे पद होते 'कनिष्ठ स्पर्शसहायक (तात्पुरती)'. रोज सकाळी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांना पोटावर दोन बोटांनी गुदगुल्या करायच्या, हे तिचे काम. गुदगुल्या करताना स्वतः हसू नये असा नियम होता, कारण मग मोजलेले हसू नक्की कोणाचे, याचा घोळ होतो.

उंदराचे हसू माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून हास्यमापक नावाचे यंत्र आणले होते. त्याला माणसाचेही हसू कळे. मात्र ते पोटातून आलेले असेल तरच सुई हले. घशातल्या घशात काढलेल्या आवाजाची ते दखलच घेत नसे. यंत्र एवढे फटकळ आहे हे खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही, नाहीतर ते संस्थेची पायरी चढले नसते.

उंदरांमध्ये ठमी नावाची एक उंदरीण स्पर्शसहायिकेच्या फार लाडाची होती. तिचे बोट दिसले रे दिसले की ठमी उताणी पडायची आणि सुई टोकाला जायची. नोकरीत सहायिकेचा जीव रमला होता तो ठमीमुळे, आणि टांगणीला लागला होता तो कंसातल्या 'तात्पुरती'मुळे.

"कायम कधी करणारेत तुला?" घरी आत्याने पुन्हा विचारले.

"उद्या तपासणी समिती येतेय, आत्या. विभाग चालू ठेवला तर मी कायम. नाहीतर विभागाला कुलूप आणि मी घरी."

"मग म्हणावं उंदरांना, उद्याचा दिवस जरा मनापासून हसा. मी शेजारी तुझं काम वैद्यकीय आहे म्हणून सांगून ठेवलंय. माझी लाज राखा."

समितीच्या अध्यक्षाबाईंनी संशय घेण्यात उभा जन्म घालवला होता. ठमी उताणी पडली, सुई टोकाला गेली, तरी बाईंच्या कपाळावरची आठी जागची हलली नाही.

"सुई हलते ते दिसतंय मला. पण ते हसूच आहे कशावरून? आधी हे यंत्र खऱ्या हसण्यावर तपासून घ्या. तुमच्याकडे एखादं खात्रीचं हसू आहे का?"

संचालकांचा चेहरा उजळला. "बाई, त्याची आमच्याकडे मुळीच टंचाई नाही."

सगळ्या कर्मचाऱ्यांना जिन्याखाली बोलावण्यात आले. संचालकांनी हत्ती आणि उंदराचा विनोद सांगायला घेतला. रुजू झाल्यापासून ते हाच विनोद सांगत आले होते. त्यामुळे हत्ती यायच्या आधीच लेखापाल मांडीवर थाप मारून हसू लागले, आणि हत्ती आल्यावर ग्रंथपालबाईंनी रुमालाने डोळे टिपले. सगळ्यात मोठ्याने हसली ती स्पर्शसहायिका. तिला कायम व्हायचे होते.

सुई शून्यावर होती.

"आवाज कमी पडला असेल," संचालक म्हणाले आणि त्यांनी विनोद पहिल्यापासून पुन्हा सांगितला. या खेपेला शिपाई हसून हसून जमिनीवर बसला. सुईने त्याच्याकडेही बघितले नाही.

यंत्र बंद तर पडले नाही ना, हे पाहण्यासाठी ठमीला पुन्हा गुदगुल्या करण्यात आल्या. सुई टणकन टोकाला गेली.

"म्हणजे ही उंदरीण खरं हसते आणि तुमची माणसं खोटं, असं समजायचं का मी?" अध्यक्षाबाईंनी विचारले.

सगळ्यांनी संचालकांकडे पाहिले.

"बाई, हे यंत्र उंदरांच्या बाजूचं आहे," संचालक घाम पुसत म्हणाले. "माझा विनोद उत्तमच आहे. हवं तर मत घ्या. विनोद आवडला त्यांनी हात वर करा!"

भराभर हात वर झाले. त्यात संचालकांचाही होता. ठमी अजून उताणीच होती, चारही पाय वर. लेखापाल बोट नाचवत हात मोजत आले, ठमीपाशी थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "हिचं एक धरू की चार?"

स्पर्शसहायिकेने ओठ चावले, श्वास रोखला, कंसातला शब्द आठवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. पोट धरून ती अशी हसली की सुई टोकाला आपटून वाकली.

"कोण हसलं?" संचालक गरजले.

तिला कुलूप दिसले, आत्या दिसली, शेजारणीही दिसल्या.

"हसले नाही, सर. उचकी लागली."

अध्यक्षाबाईंची आठी पहिल्यांदाच सुटली. "असं होय! म्हणजे हे यंत्र उचकीला हसू समजतं!"

सगळा गुंता एका फटक्यात सुटला. यंत्र नादुरुस्त ठरले, कर्मचाऱ्यांचे हसणे खरे ठरले, आणि उंदरांना इतके दिवस उचकीचा विकार होता हे सिद्ध झाले. हसू ही चैन होती, विकार ही गरज. म्हणून अनुदान दुप्पट झाले. विभागाच्या दारावर 'मूषक-उचकी निवारण विभाग' अशी पाटी लागली आणि स्पर्शसहायिका कायम झाली. आत्याने शेजारी पेढ्यांऐवजी बातमीच वाटली: काम आता खरोखरच वैद्यकीय होते.

निवारणाचा उपाय संचालकांनीच शोधला. ते रोज सकाळी पिंजऱ्यांपुढे उभे राहून हत्तीचा विनोद सांगू लागले. थोड्याच दिवसांत सगळे उंदीर बरे झाले. एकदा कोणी नाही असे पाहून स्पर्शसहायिकेने ठमीच्या पोटाला हळूच बोट लावले. ठमीने बोट हुंगले आणि मान खाली घालून ती दाणे खात राहिली. त्या दिवशी तिला जेवण गेले नाही. पण पगार वाढलेला होता, तो तिने घेतला.

यंत्र अडगळीत पडले आहे. सुई वाकडी असली तरी अजून चालते, म्हणून सावध करतो. हे वाचताना तुम्हाला कुठे पोटातून हसू आलेच, तर आधी आजूबाजूला पाहा. वरिष्ठांपैकी कोणी असेल तर घोटभर पाणी प्या आणि उचकी लागली म्हणून सांगा. आणि हसू मुळीच आले नसेल, तर अभिनंदन. तुम्ही कायम झालेले आहात.